कोशिंबाचा धूर आणि तिमोरची गाय

रोममध्ये उच्च शिक्षण घेत असताना आमच्या वसतिगृहात निरनिराळ्या खंडांतून आलेले तरुण धर्मगुरू राहत असत. सणावारी स्वयंपाकघर आम्हां विद्यार्थ्यांच्या स्वाधीन होई आणि ज्याला त्याला आपापल्या मातीची आठवण त्या दिवशी प्रकर्षाने येई. १९९८ च्या पास्काच्या दुसऱ्या दिवशी तिमोर बेटाहून आलेल्या आमच्या एका सहाध्यायाने गोमांसाच्या बरगड्या रांधायला घेतल्या. आदल्या रात्रीच त्याने त्या मीठ, धणे, लसूण, चिंच, मिरची आणि गवती चहाचा ठेचलेला पांढरा दांडा यांच्या वाटणात मुरवून ठेवल्या होत्या. सकाळी बागेच्या कोपऱ्यात विटांची चूल मांडून, वर जाळी टाकून, ओकच्या लाकडाच्या मंद निखाऱ्यावर तो त्यांना दुपारपर्यंत धुरी देत बसला. आम्ही सारे तृप्त झालो. तो मात्र खंतावलेला होता. “लाकूड चुकले,” तो म्हणाला. “हा पदार्थ आमचा आहे, आमच्या वाडवडिलांचा आहे. त्याला कोसांबीचेच लाकूड लागते. ते तुम्हांला कुठून ठाऊक असणार!”

आम्हांला खरोखरच ठाऊक नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी कोकणातील वृक्षांविषयीचे एक पुस्तक चाळत असताना एका पानावर आमची दृष्टी खिळली. तिमोरमध्ये ज्याला कोसांबी किंवा केसांबी म्हणतात तो वृक्ष म्हणजे आपला कोशिंब! वनस्पतिशास्त्रात दोहोंचे नाव एकच, श्लायखेरा ओलिओसा. फाल्गुन-चैत्रात ज्याची कोवळी पालवी दुरून फुलांसारखी लालभडक दिसते, ज्याच्यावर पोसलेली कुसुमी लाख उत्तम प्रतीची मानली जाते आणि ज्याचे आंबट फळ आमच्या पूर्वपट्टीतील मुले आजही चोखून खातात, तोच हा कोशिंब. त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. आमचा मित्र ज्याला इतक्या निःशंकपणे ‘आमचे’ म्हणत होता त्यातले नेमके काय त्याचे होते आणि ते त्याचे कसे झाले?

या पदार्थाचे तिमोरमधील नाव ‘सेई’. शब्द मूळचा शेजारच्या रोटे बेटाचा असून त्याचा अर्थ लांबट, दोरीसारखे कापलेले मांस असा सांगतात. अस्सल सेईत हाडे नसतात. मांसाच्या लांब पट्ट्या काढायच्या, मीठ चोळून मुरवायच्या, कोशिंबाच्या निखाऱ्यांवर जाळीत मांडायच्या आणि वरून कोशिंबाच्याच पानांनी झाकायच्या, म्हणजे धूर कोंडला जातो, मांस वरून कोरडे पडत नाही व ज्वाळा भडकत नाही. जोडीला मक्याची ‘जागुंग बोसे’ नावाची घट्ट आमटी आणि मिरची व लिंबाची आंबवलेली ‘लुआत’ चटणी. बरगड्यांना हीच क्रिया लावणे हा त्या मानाने नवा प्रघात होय. २०१९ च्या आसपास जावा बेटावरील बांदुंग, जकार्ता या शहरांत सेईच्या खानावळी एकाएकी लोकप्रिय झाल्या. त्यांच्या फलकांवर आता ‘इगा’ म्हणजे बरगड्याही दिसतात, आणि तिमोरच्या साध्या मीठ-धुराला जावाच्या गोड मसाल्याची जोड मिळाली आहे.

पाश्चात्त्य पाकशास्त्राची पुस्तके असल्या मुरवणाला ‘आग्नेय आशियाई’ चव म्हणून मोकळी होतात. आम्हांला हे नाव थोडे गमतीचे वाटते. पूर्वीचे व्यापारी मलाक्का, जावा, सयाम, अन्नम अशी नावे घेत. अवघ्या टापूला एकच नाव रूढ झाले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली दोस्त राष्ट्रांनी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली स्वतंत्र सेनाविभाग स्थापन केल्यानंतर. सेनापतींच्या सोयीसाठी रूढ झालेले नाव आज स्वयंपाकघरात येऊन बसले आहे. वस्तुतः त्या टापूत एक चव नाही. गवती चहा आणि लिंबाच्या पानांचा सुवास सयामकडचा, मासळीच्या खाऱ्या अर्काचा उपयोग विशेषतः सयाम-व्हिएतनामकडचा, सोयाबीनच्या काळ्या रसात ताडगूळ घालून केलेला गोड, दाट ‘केचाप’ जावाचा. तिमोर मात्र कोरडे, गरीब बेट. तेथे मसाला थोडा आणि धूर फार.

मांस मसाल्यात मुरवून सुकवण्याची विद्या या बेटांत फार जुनी आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील जावाच्या ताम्रपटांत, जमीन दान दिल्याप्रीत्यर्थ घातलेल्या मेजवान्यांच्या वर्णनांत, खारवून सुकवलेल्या ‘देंग’चा उल्लेख येतो. आज इंडोनेशियात ‘देंदेंग’ या नावाने विकले जाणारे गोडसर, धण्याच्या वासाचे सुके मांस हे त्याचेच वंशज होय. त्यातले धणे पाहा. मलय भाषेत धण्याला ‘केतुंबार’ म्हणतात. संस्कृत ‘कुस्तुंबरु’ आणि तमिळ ‘कोत्तुमल्ली’ यांच्याशी त्याचे नाते कानालाही ओळखता येते. आणि ‘कोथिंबीर’ हा शब्द तर आपल्या घरचा! चिंचेला तिकडे ‘जावाची आंबट’ म्हणतात, अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, आणि वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. मिरची व मका पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी अमेरिकेहून सोळाव्या शतकात व त्यानंतर आणली. म्हणजे आमच्या मित्राच्या ‘वाडवडिलां’ची हद्द आताच आखडत आली. अद्याप मांसाकडे तर आम्ही वळलोच नाही.

तिमोरची ख्याती जगात झाली ती मांसामुळे नव्हे, तर चंदनामुळे. १५१२ ते १५१५ च्या सुमारास मलाक्का येथे राहिलेला पोर्तुगीज औषधविक्रेता तोमे पिरेस याने तेथील मलय व्यापाऱ्यांची समजूत नोंदवून ठेवली आहे: परमेश्वराने चंदनासाठी तिमोर, जायपत्रीसाठी बांदा आणि लवंगेसाठी मोलुक्का निर्माण केले. जानेवारी १५२२ मध्ये मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेतील उरलेले जहाज ‘व्हिक्टोरिया’ तिमोरला लागले. मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. खलाशी उपाशी होते, आणि जवळ विनिमयाला फारसे काही उरले नव्हते. किनाऱ्यावरील एका प्रमुखाने अन्नासाठी फार मोठा मोबदला मागितला तेव्हा त्यांनी बालिबो येथून आलेल्या दुसऱ्या एका प्रमुखाला ओलीस धरले आणि त्याच्या सुटकेपोटी जनावरे वसूल केली. जहाजावरचा बखरकार आंतोनियो पिगाफेत्ता याने हा प्रसंग कसलाही संकोच न बाळगता लिहिला आहे. जी जनावरे मिळाली ती म्हशी, बकऱ्या आणि डुकरे. गाय त्या यादीत नाही.

यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. तिमोर हे आशियाच्या मुख्य भूमीशी कधी जोडले गेलेले बेट नव्हे. मोठी जनावरे तेथे माणसाच्याच नावेतून आली. डुकरे तशीच आली, म्हशीही तशाच आल्या. पूर्वी सेई हरणाच्या मांसाची करीत, असे तिकडचे लोक सांगतात. त्या हरणाचे शास्त्रीय नाव ‘रूसा तिमोरेन्सिस’, म्हणजे ‘तिमोरचे हरीण’. परंतु तेही मूळचे जावा-बालीचे. माणसांनी ते तिमोरला नेले, तेथे ते रुजले, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी त्याला त्या बेटाचे नाव देऊन टाकले. बिचारे हरीण! नावाने तिमोरी झाले ते कायमचे.

येथे आमच्या वाचकांच्या घराशी एक धागा येऊन मिळतो. १५६६ साली डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंनी तिमोरजवळच्या सोलोर बेटावर किल्ला बांधला आणि तेथून तिमोर व फ्लोरेसमध्ये सुवार्ताप्रसार केला. त्याच संघाचा मठ आमच्या वसईच्या किल्ल्यातही होता; त्याच्या चर्चचे भग्न अवशेष आजही पाहता येतात. वसई आणि सोलोर या दोन टोकांवरचा कारभार एकाच गोव्याहून चाले. १७०२ मध्ये तिमोरमधील लिफाऊ येथे जो पहिला गव्हर्नर येऊन दाखल झाला त्याची नेमणूक गोव्यातूनच झाली होती. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली. तिमोरचा गोव्याशी असलेला प्रशासकीय संबंध मात्र १८४४ पर्यंत टिकला. दरम्यान बेटाचा पश्चिम भाग डच कंपनीच्या हाती गेला. कुपांग येथे १६५३ पासून त्यांचा किल्ला होता. १८५९ च्या लिस्बन तहाने बेटाची उभी वाटणी अधिकृत झाली. भाऊबंदांची शेते, देवस्थाने, सोयरिकी या रेषेने कापल्या गेल्या. आमच्या मित्राचे घर डचांच्या बाजूला, परंतु सीमेला लागूनच, अतांबुआच्या धर्मप्रांतात. त्याच भागातील लाहुरुस येथे १९१३ साली देवशब्द संघाचे पहिले मिशनरी आले होते.

आणि जवळजवळ त्याच वर्षी गायही आली.

१९१२ च्या सुमारास डच सरकारने बालीची गुरे तिमोरमध्ये आणली. ही आपल्या खिलार-डांगीसारखी वशिंडाची गाय नव्हे. रानातल्या ‘बांतेंग’ या प्राण्याला माणसाळवून बालीच्या लोकांनी ही जात तयार केली आहे. अंग तांबूस, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे वाटावेत असा रंग, पुठ्ठ्यावर पांढरा डाग. नर वयात आला की काळा पडतो. म्हशीपेक्षा ही जात कोरड्या माळावर अधिक तग धरते आणि भराभर वाढते, हा त्या योजनेमागील हिशेब. तो खराही ठरला. मात्र गुरांची मालकी बहुशः स्थानिक राजे आणि त्यांचे आप्त यांच्या हाती राहिली. शेतकऱ्याच्या वाट्याला आले ते आपल्या शेताभोवती कुंपण घालणे. मोकाट गुरांपासून मक्याचे पीक राखायचे तर दर हंगामाला शेकडो खांब तोडून कुंपण उभारावे लागे आणि त्यापायी रान तुटे. डच भूगोलतज्ज्ञ ऑर्मेलिंग यांनी १९५० च्या दशकात ‘तिमोरची समस्या’ या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या गुरांच्या वाढीला मध्यवर्ती स्थान आहे.

गायीच्या पाठोपाठ आणखी एक पाहुणी आली, ती म्हणजे घाणेरी. आपल्या डोंगरउतारांवर फोफावलेली, टणटणी म्हणूनही ओळखली जाणारी, रंगीत फुलांची तीच काटेरी झुडुपे. गुरे तिला तोंड लावत नाहीत; त्यामुळे चराऊ माळ तिने गिळंकृत केले. कुपांगच्या दक्षिणेस अमारासी नावाचे एक छोटे राज्य होते. तेथे १९३० च्या दशकात असा दंडक घालण्यात आला की प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या उतारावर लामतोरोच्या रांगा लावल्याच पाहिजेत. लामतोरो म्हणजे आपली सुबाभूळ! मेक्सिकोकडची, स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समार्गे आशियात आणलेली. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या संस्थेने जिचा प्रसार महाराष्ट्रात केला तीच. अमारासीत सुबाभळीने घाणेरीला मागे रेटले, उतारावरची माती धरून ठेवली, आणि तिचा पाला कापून खुंट्याला बांधलेल्या गुरांना घालण्याची रीत पडली. मोकाट गाय खुंट्याला आली, कुंपणाचा जाच सरला, आणि ज्याच्याकडे एकही जनावर नव्हते त्यालाही दुसऱ्याचे जनावर पोसून नफ्याचा वाटा मिळू लागला. त्याला ते ‘पारोन’ म्हणतात. आपल्याकडच्या अर्धेलीसारखाच प्रकार. १९८६ मध्ये सुबाभळीवर एका बारीक किडीची धाड आली आणि बागाच्या बागा निष्पर्ण झाल्या, तेव्हा किती घरे अडचणीत आली असतील याची कल्पना करता येते.

हे सारे आम्ही इतक्या विस्ताराने लिहितो त्याला कारण आहे. ताटात आलेल्या बरगडीकडे पाहताना आपल्याला मसाला दिसतो, क्वचित स्वयंपाकिणीचा हात दिसतो. परंतु त्या बरगडीत सुबाभळीचा पाला आहे, दंडक घालणाऱ्या राजाचा हट्ट आहे, आणि भल्या पहाटे कोयता घेऊन पाला कापायला जाणाऱ्या पोरांची झोप आहे. गुरांचा मोठा भाग तर बेटावर राहतच नाही. पोसलेली जनावरे जहाजात भरून जावाकडे जातात. २०१५ पासून त्यासाठी खास बांधलेली जहाजे ये-जा करतात. तिमोरच्या खेड्यात गोमांस हा आजही लग्नाचा, मर्तिकाचा, पाहुण्यांचा पदार्थ आहे.

मग या ताटात तिमोरचे असे काय उरले? कोशिंब उरला. समुद्राचे मीठ उरले. आणि धूर देण्याची विद्या उरली.

धुराचे कार्य काय, हे थोडक्यात सांगणे अस्थानी होणार नाही. मीठ मांसातील पाणी ओढून घेते, आणि कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यावाचून वाढू शकत नाहीत. घट्ट लाकूड मंदपणे जळते तेव्हा त्यातील काष्ठद्रव्याचे विघटन होऊन फिनॉल जातीची संयुगे धुरातून बाहेर पडतात. ती मांसाच्या पृष्ठभागावर बसली की जंतूंना अटकाव होतो आणि स्निग्धांश खवट होत नाही; आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तोही त्यांचाच. सेईच्या काही कारागिरांकडे मिठात सोरा मिसळण्याचीही रीत आहे. त्याने मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि घातक विषबाधा टळते. मात्र सोऱ्याचे प्रमाण चुकले तर तोच विष. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये धुरावलेल्या व खारवलेल्या मांसाविषयी जो इशारा दिला तोही ध्यानात ठेवावा. हा सणाचा पदार्थ, रोजचा नव्हे.

कोशिंबाचे लाकूड जड, घट्ट, त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. त्याच्या बियांचे तेल एके काळी ‘मकासर तेल’ म्हणून युरोपातील पुरुष केसांना चोपडीत, आणि खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ नयेत म्हणून तेथील गृहिणी त्यांवर विणलेले रुमाल टाकीत. एकाच वृक्षाचे तेल लंडनच्या दिवाणखान्यात आणि धूर तिमोरच्या झोपडीत! असो.

धुराची ही विद्या नेमकी कशासाठी होती हे आम्हांला समजले ते १९९९ साली. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पूर्व तिमोरच्या जनतेने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबरात तेथे जाळपोळ व कत्तल सुरू झाली. सुमारे अडीच लाख माणसे, कित्येक स्वेच्छेने तर असंख्य बळजबरीने, सीमा ओलांडून पश्चिम तिमोरमध्ये आली. अतांबुआच्या रस्त्यांवर, शाळांत, चर्चच्या आवारांत माणसेच माणसे. आमचा मित्र तेव्हा रोममध्ये आमच्या शेजारच्या खोलीत होता आणि रात्री-अपरात्री घरी दूरध्वनी लावीत होता. एका रात्री त्याने सांगितले: त्याच्या वडिलांनी खुंट्यावरची दोन्ही जनावरे कापली. त्यांतले एक तर ‘पारोन’चे, म्हणजे अर्धे दुसऱ्याचे होते. आवारात चाळीसहून अधिक माणसे होती, बर्फ नव्हते, विजेचा भरवसा नव्हता. आईने व मावश्यांनी दोन दिवस, दोन रात्री कोशिंबाचा धूर धरला, आणि ते मांस मक्याबरोबर थोडे थोडे करून बरेच दिवस पुरवले. सीमेपलीकडून आलेल्यांपैकी बहुतेक त्यांचे कोणी नव्हते. त्या अर्ध्या जनावराचे पैसे पुढे दोन वर्षे फेडावे लागले.

त्यानंतर त्या पदार्थाला ‘वाडवडिलांचा’ म्हणण्याचा त्याचा हक्क आम्ही कधी मनातल्या मनातही तपासला नाही.

आम्ही हे का लिहीत आहोत, याचे आणखी एक कारण सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक मेळाव्यात आमचे भाषण झाले. चहाच्या वेळी एका विद्वान गृहस्थांनी, आवाजात कोणताही कडवटपणा न आणता, आम्हांला विचारले, “तुमची भाषा आमच्यासारखीच आहे, हे खरे, पण तुमचा धर्म, तुमचे खाणे, हे सारे बाहेरूनच आलेले ना?” आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. रात्री परतताना स्वतःचाच राग आला. त्या गृहस्थांच्या बशीत बटाटेवडा होता, आणि सोबत तळलेली मिरची होती. ही गोष्ट आम्हांला तेथेच सुचायला हवी होती, नाही सुचली. परंतु वड्यावर वडा मारून वादात जिंकण्यापेक्षा तिमोरच्या त्या दोन जनावरांची हकिगत त्यांना सांगता आली असती तर बरे झाले असते, असे आज वाटते.

गेल्या वर्षी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एका प्रापंचिकाच्या वाडीत वादळाने पूर्वीच मोडून पडलेली कोशिंबाची जाड फांदी वाळून पडली आहे, असे आम्हांला कळले. पास्काच्या सोमवारी प्रयोग करायचे ठरले. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानेच मनाई होती. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. म्हैसवर्ग त्यातून वगळला आहे. तेव्हा कायदा पाळून आम्ही रेड्याच्या बरगड्या आणल्या, सुमारे तीन किलो. आणल्यावर ध्यानात आले की आम्ही नकळत पिगाफेत्ताच्या यादीकडे परत गेलो होतो. तिमोरमध्ये गाय पसरण्यापूर्वी जे मांस कोशिंबाच्या धुरात टांगले जात असणार ते बरेचसे असेच.

आदल्या रात्री भाजून कुटलेले धणे, लसूण, आले, गवती चहाचे ठेचलेले दांडे, चिंचेचा कोळ, सुक्या मिरच्या, मीठ आणि ताडगूळ असे वाटण करून बरगड्यांना चोळले व शीतकपाटात ठेवले. कुलिंजन आम्हांला ओले मिळाले नाही. ताडगूळ घालण्यात आम्हांला विशेष आनंद होता, कारण रोटेचे लोक पिढ्यान् पिढ्या ताडाच्या रसावर जगत आले आहेत. त्यांच्या त्या जीवनावर जेम्स फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध ग्रंथ १९७७ साली आला. आमच्याकडेही ताडाशी नाते सांगणारे थोडे नाहीत. सकाळी मिस्सा आटोपून जुन्या लोखंडी पिंपाच्या तळाशी निखारे केले, वर सळ्या टाकल्या, बरगड्या मांडल्या.

आणि प्रयोग फसला. दोन तासांत बाहेरचा गूळ जळून काळा, कडू झाला, तर हाडालगतचे मांस वादीसारखे चिवट. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी मान हलवली आणि “फादर, तुम्ही मिस्सा करा, चूल आमच्यावर सोडा,” असे आम्हांला सर्वांसमक्ष सुनावले. चूक उघड होती. सेईच्या पातळ पट्ट्यांना जो निखारा चालतो तो जाड बरगड्यांना चालत नाही. बरगडीत हाडाला धरून असलेले चिवट तंतू विरघळून मऊ व्हायला मंद आच आणि पुष्कळ वेळ लागतो, आणि गोड पदार्थ तर अगदी शेवटी लावायचा असतो. दुसऱ्या खेपेला, पेन्टेकॉस्टच्या सणाला, चूल बाईंच्याच हाती होती. निखारे पिंपाच्या एका बाजूस, बरगड्या दुसऱ्या बाजूस, वर कोशिंबाची पाने, त्यांवर झाकण. मध्ये फक्त मूठ-मूठ ढलपे टाकणे. सहा तास. शेवटच्या अर्ध्या तासात चिंच-ताडगुळाचा पातळ हात. मांस हाडापासून आपण होऊन सुटू लागले तेव्हा झाकण काढले. आवारातल्या मुलांनी हाडे चोखताना जो आवाज केला त्याने बाईंचा रुसवा पार गेला. पदार्थाचे नाव काय, असे त्यांना कोणीतरी विचारले. “कोशिंबाच्या बरगड्या,” त्या म्हणाल्या. तिमोरचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि आम्हीही त्यांना दुरुस्त केले नाही.

हा सारा वृत्तांत आम्ही आमच्या मित्राला कळवला. तो आता सीमेजवळच्याच एका धर्मग्रामात असतो. रेड्याचे मांस वापरल्याबद्दल त्याने आक्षेप घेतला नाही. त्याची आजी म्हशीचीच सेई सर्वोत्तम मानीत असे, एवढे मात्र त्याने प्रथमच सांगितले. पहिल्या खेपेस आम्ही चैत्रातली लाल पालवी तोडून झाकणाखाली घातली होती, त्यावर तो मोठ्याने हसला. कोवळी पाने घालू नकोस, ती लगेच करपतात आणि धूर कडवट होतो. श्रावण-भाद्रपदातली जून, हिरवीगार, हाताएवढी पाने घे, असे त्याने बजावले. त्याने अर्थातच आपले महिने सांगितले नव्हते. पावसानंतरची पाने म्हटले होते. आणि त्यांचा पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो.